कडेने दिसलेली मैदानं

हे प्रवासवर्णन वाचायला घेणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यातली निम्मी दृश्यं मी पाहिलेली नाहीत. ती बायकोने सांगितली आणि मी ऐकली. परत आल्यावर हे सगळं मी फोनला तोंडी सांगितलं, त्याने लिहून घेतलं आणि वसुधाने, म्हणजे बायकोने, ऱ्हस्वदीर्घ तपासलं. मजकुराला हात लावायचा नाही, अशी अट मी तिला घातली आहे. का, ते पुढे कळेलच.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडा शाबूत आहेत. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, मागची भिंत दिसते आणि जिथे तोंड असायला हवं तिथे पाटीवर ओला बोळा फिरवल्यासारखं असतं. कुणाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं, मग कडेने थोडा चेहरा हाती लागतो. लोकांना वाटतं, म्हातारा आपल्याशी बोलताना भलतीकडेच बघतोय. या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, डावा गेल्यातच जमा आहे, उजवा किती साथ देईल सांगता येत नाही, गाडी मात्र आजपासून बंद.

गाडी बंद हे ऐकून मला पहिली आठवण झाली ती गोल्फची. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलो तेव्हा एका साहेबांना खेळायला चौथा गडी हवा होता, म्हणून मी गेलो आणि अडकलो. वसुधा त्याला 'सरकारने लावलेलं एकमेव व्यसन' म्हणते. निवृत्त झाल्यावर नोएडात घर घेतलं तेव्हापासून एक बेत मनात होता. ड्रायव्हर नको, कुणी सोबत नको, आपली गाडी, डिकीत गोल्फची पिशवी आणि दिल्लीच्या आसपासची मैदानं एकेक करून खेळायची. अरवलीच्या पायथ्याचं, मानेसरकडचं, कर्नालच्या तलावाकाठचं. आधी मुलीचं लग्न, मग माझा गुडघा, मग नुसताच आळस. दरवर्षी पुढच्या हिवाळ्यावर ढकलत आलो आणि आता 'पुढचा हिवाळा' हे शब्द उच्चारताना जीभ अडखळू लागली.

वसुधा एका शाळेत मराठी शिकवायची. ड्रायव्हिंग तिने कधी केलं नव्हतं. रोज सकाळी भाजी आणायला म्हणून ती जरा जास्तच वेळ बाहेर राहते, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. एके दिवशी तिने माझ्या हातात लायसन्स ठेवलं आणि म्हणाली, "चला. मी चालवते. तुम्ही फक्त शेजारी बसून ओरडायचं नाही."

सोहना

ओरडलो नाही, पण पाय मात्र सारखा नसलेल्या ब्रेकवर दाबत राहिलो. फरीदाबादवरून डोंगराच्या अंगाने जाताना ती डावी कड सोडायला तयार नव्हती आणि मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. एका चढावर गाडी बंद पडली. "बंद पडली नाही, मी थांबवली," असं सांगून तिने ती पुन्हा सुरू केली. जरा सावरल्यावर ती बोलायला लागली आणि मग थांबलीच नाही. मोहरी काढणीला आलीय. काटेसावरीवर एक पान नाही, नुसती लाल फुलं. उघड्या पडलेल्या खडकावर नीलगायींचा कळप उभा आहे. मला कडेने पिवळं आणि तांबडं असं काहीतरी सरकताना दिसत होतं, त्यात तिचे शब्द भरले की चित्र पुरं व्हायचं. शाळेत धडा समजावून सांगायची सवय अशी कामाला आली.

तिथलं मैदान टेकडीच्या कुशीत आहे. बाहेर सगळा खुरटा, काटेरी अरवली आणि आत हिरवळ. क्लबातल्या माणसाने विचारलं, "सर, कॅडी?" पिशवी वाहणारा, चेंडू कुठे पडला ते बघणारा माणूस. मी हो म्हणणार तोच वसुधा म्हणाली, "नहीं भैया, मैं हूँ ना." मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत ती मैदानावर कधी आली नव्हती.

आता चेंडूच दिसत नाही तर हा माणूस खेळतो कसा, असं वाचणाऱ्याला वाटेल. चेंडूकडे थेट बघितलं की तो नाहीसा होतो. त्याच्या शेजारच्या गवताकडे बघायचं, मग कडेला एक पांढरा ठिपका राहतो, बाकीचं अंगवळणी पडलेलं शरीर करतं. मारल्यावर तो कुठे गेला हे मात्र बिलकुल कळत नाही. त्यासाठी वसुधा. माझे चेंडू ओळखू यावेत म्हणून तिने प्रत्येकावर नेलपॉलिशचा जाड ठिपका लावला होता. दिसला नाही तरी अंगठ्याला लागावा म्हणून जाड. पण चेंडू मधे उचलायचा नसतो. एकदा मारला की तो पडेल तिथूनच खेळायचा, झुडपात असो की खड्ड्यात, आणि शेवटी भोकापाशी, ग्रीनवर पोचल्यावरच हात लावायचा. या खेळात पंच नसतो. आपला चेंडू आपणच ओळखायचा, आपले फटके आपणच मोजायचे. म्हणूनच मला हा खेळ आवडला.

त्या दिवशी मी काय खेळलो! पहिला फटका मारला तेव्हा हाताला झिणझिण्या आल्या. चांगला बसलेला फटका हाताला जाणवतसुद्धा नाही, वाईट बसला की कोपरापर्यंत कळतं. पण वसुधा ओरडली, "वा! अगदी मधोमध!" आणि बॅटरीची छोटी गाडी घेऊन ती पुढे निघाली. "तुम्ही सावकाश या, मी जागा धरून ठेवते." मी पोचलो तर चेंडू कापलेल्या गवतावर ऐटीत बसलेला. असं पुन्हा पुन्हा झालं. एकदा तर मी खोडावर टक्क आवाज ऐकला. वसुधा म्हणाली, "सुतार पक्षी आहे." मी मान डोलावली. खरं सांगतो, मला तो सुतार पक्षीच हवा होता.

संध्याकाळी दमदम्याच्या तलावाकाठी बसलो. तिने घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी काढली. शेजारच्या टपरीवाल्याने वास घेऊन दोन मागितल्या आणि बदल्यात चहा दिला. मी म्हणालो, "उजवा डोळा असाच राहिला तरी चालेल गं. असं खेळता आलं तर काय कमी आहे?" तिचा नाक ओढल्याचा आवाज आला. मी विचारलं, "रडतेस की काय?"

"छे हो," ती म्हणाली. "कुठेतरी काटक्या जाळतायत, धूर गेला डोळ्यांत."

मला धुराचा वास आला नव्हता. पण हवा तिच्याकडून माझ्याकडे वाहत नसेल, असं मी धरून चाललो.

सुलतानपूर

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी बघायला गेलो. माझ्यासारख्याने पक्षी बघायला जाणं हा विनोदच आहे, पण तिथे ऐकायलाही भरपूर असतं. पाण्यावर बदकांची कलकल, बाभळीवर बगळ्यांची भांडणं. दुर्बिणी लावलेली मंडळी एकमेकांना खुणा करत होती. एक जण मला दुर्बीण देऊ लागला. वसुधाने ती घेतली आणि सांगत राहिली.

बाहेर पडल्यावर गव्हाच्या शेताशी तिने गाडी एकदम थांबवली. "अहो, सारस!" मी काच खाली केली. हिरव्या पट्ट्यावर राखाडी असं काहीतरी उभं होतं, बघायला गेलो की विरघळायचं. तिने सांगितलं, जोडी आहे. लाल डोकी. माणसाएवढे उंच. एकाने मान खाली घातली की दुसराही घालतो. आता पंख उघडलेत, नाचतायत दोघं. मी अगदी श्वास रोखून ऐकत होतो. सारस जन्माची जोडी करतो, हे दिल्लीत आल्यापासून ऐकत आलेलो. मी तिचा हात धरला. तो गार पडला होता. बराच वेळ आम्ही तिथे होतो.

मानेसर

तिथून थेट मानेसरला आलो. इथल्या मैदानात दोन हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी धावतात, मधे बाभळी. एकाचा वाकडा गेलेला चेंडू दुसऱ्याच्या पट्टीत पडणं हे रोजचंच. मी मारला, हाताला पुन्हा झिणझिण्या आल्या, वसुधा म्हणाली, "छान!" आणि गाडी घेऊन पुढे गेली. या वेळी तिला जरा वेळ लागला. मग हाक आली, "इकडे या, इकडे. सापडला."

मी गेलो, चेंडूशेजारच्या गवताकडे बघितलं आणि मारला. तो फटका हाताला जाणवलाच नाही इतका सुरेख. ग्रीनवर पडल्याचा आवाजही आला. मी खुशीत चालू लागलो, तेवढ्यात बाभळीतून कुणीतरी धापा टाकत आलं. उंच, निळी पगडी.

"सर जी, माफ करना. यहाँ मेरी बॉल आई थी. आपने देखी?"

"नाही बुवा," म्हणायचं ते मी हिंदीत म्हणालो, "यहाँ तो मेरी थी. अभी मारी."

"अच्छा जी?" तो एवढंच म्हणाला, पण आमच्याबरोबर ग्रीनपर्यंत आला. मी वाकून चेंडू उचलला आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. सगळीकडून गुळगुळीत. नेलपॉलिशचा ठिपका कुठेच नव्हता.

परक्याचा चेंडू खेळणं ही आमच्यात फार लाजिरवाणी गोष्ट. मी हात जोडले. सरदारजी भला माणूस. माझं कानाकडे बघणं त्याच्या ध्यानात आलं असावं. "कोई गल नहीं जी, बॉल ही तो है," म्हणत त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. ते थोपटणं मला अजून टोचतं.

"माझा कुठे आहे?" मी वसुधाला विचारलं.

"बाभळीत. फार आत. मला काढता आला नाही."

"म्हणून तू हा आणून ठेवलास?"

"आणला नाही हो. तो तिथेच होता. मी फक्त तुम्हाला दाखवला."

"आणि काल?"

ती बॅटरीच्या गाडीकडे वळली. मग म्हणाली, "काल पायाने सरकवला. थोडासाच."

"प्रत्येक वेळी?"

"नाही. जिथे फार वाईट होतं तिथे."

शाळेतही ती हेच करायची. काठावरचं पोर दिसलं की पेपर पुन्हा तपासायला घ्यायची आणि कुठेतरी अर्धा मार्क शोधून त्याला वर ढकलायची. मला त्याचं कौतुक होतं. पण ते पोर आता मी होतो. कुणीतरी आपल्याला पास करतंय आणि आपण पेढे वाटत फिरतोय, याची काय लाज वाटते ते सांगता येत नाही. मी म्हणालो, "यापेक्षा आंधळा झालेला परवडला." बोलायला नको होतं, पण बोललो.

वसुधाचा आवाज अगदी सपाट झाला. "चेंडू झुडपात गेला सांगितलं की तुमचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं."

डाव अर्धा टाकून आम्ही गाडीत बसलो.

मुरथल आणि पानिपत

एक्स्प्रेसवेने कुंडलीपर्यंत गेलो. या खेपेला तिने एका शब्दाने काही सांगितलं नाही. काचेबाहेर नुसते रंग पळत होते. मुरथलला पराठे खायला थांबलो. लोण्याचा गोळा पराठ्यावर वितळत होता, त्याचा वास येत होता, पण घास उतरत नव्हता. ताक मागितलं तर मलईदार लस्सी आली. एरवी यावरून वसुधाने हरयाणाला दोन शब्द सुनावले असते.

तेवढ्यात बेंगळुरूहून ऋताचा, मुलीचा फोन आला. वसुधाने तो स्पीकरवर ठेवला. ऋता दिल्लीत वाढली, तिचं मराठी अधूनमधून शब्द गाळत चालतं.

"बाबा! आई म्हणाली तुम्ही एकदम मस्त खेळताय, यार! आणि तो सारस बघितला ना तुम्ही? आईने सकाळी मेसेज केला मला. एकटाच उभा होता शेतात, पार्टनर नव्हताच. सो सॅड ना? आई तर रडली असणार, बिलकुल."

 वसुधाचा हात ताटावर थांबलेला मला कडेने दिसला. "नंतर करतो गं," म्हणून मी फोन बंद केला.

"एकटा होता?" मी विचारलं.

"हो."

"नाच?"

"नव्हता नाचत. नुसता उभा होता."

चेंडूचा राग आला होता, याचा नाही आला. याची भीती वाटली. मग काटेसावर? नीलगायी? मोहरी खरंच काढणीला आली होती की तीही माझ्यासाठी पिकवली? उद्या उजवाही गेला की माझ्याकडे जग म्हणून जे काही उरणार ते हिच्या तोंडूनच येणार. त्यातलं कुठलं खरं, हे मी कशावर अंगठा फिरवून बघायचं? पराठा तसाच राहिला. धाब्यावरच्या ताऊने "के बात, पसंद ना आया?" असं विचारलं, तेव्हा वसुधाने त्याला काहीतरी सांगून समजावलं.

पानिपतला मी असंख्य वेळा गेलोय. पुण्याहून कुणीही पाहुणा आला की कुतुबमिनार एक वेळ राहील, पण पानिपत चुकत नाही. बाजारातलं लोणचं घ्यायचं आणि काला आंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकापाशी जायचं, हा दिल्लीतल्या मराठी घरांचा पाहुणचारच. तिथे आलं की बडबडा पाहुणाही गप्प होतो. खरं तर माझं पानिपत मानेसरलाच होऊन गेलं होतं, पण वसुधाने गाडी आपणहून तिकडे वळवली.

बागेत शाळेची सहल आली होती. विटांचा तो खांब मला उंच तांबडी रेघ म्हणून दिसला. पूर्वी पाहुण्यांना पाटी मी वाचून दाखवायचो. "वाच," मी म्हणालो. वसुधाने वाचली. कोण लढलं, कोण पडलं, कोण हरलं. शिक्षिकेच्या आवाजात, एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर ती तिथेच कट्ट्यावर बसली.

मी शेजारी बसलो. तिच्या कानाकडे बघत म्हणालो, "एवढं मोठं हरलो, तरी कुणी ते झाकलं नाही बघ. खांब बांधला, पाटी लावली. आपण दरवर्षी येऊन वाचतो आणि घरी जाऊन जेवतो."

"मला तुम्हाला दुःख द्यायचं नव्हतं हो."

"माहीत आहे. पण वाईट असेल तर वाईट सांग, वसुधा. ते मी सोसेन. तू सांगितलेल्यातलं खरं कुठलं हे चाचपत बसणं मात्र मला नाही सोसणार. डोळे जातायत ते जातायत. तू तरी जाऊ नकोस."

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "नीलगायी होत्या. काटेसावरही होती. मोहरी पण." आणि थोड्या वेळाने, "सुतार पक्षी नव्हता."

"ते मला ठाऊक होतं," मी म्हणालो.

कर्नाल

कर्नालचं मैदान हमरस्त्याला लागून आहे, शेजारी तलाव. कर्ण इथे स्नान करून दानाला उभा राहायचा, असं लोक सांगतात. मोठ्या क्लबांची ऐट इथे नाही. फटका मारताना मागून ट्रक जातो आणि जमीन हादरते. तरीही मनात सर्वांत जास्त राहिलं ते हेच मैदान, कारण इथलं सगळं खरं होतं.

"डावीकडे," वसुधा म्हणायची. "झाडांत. खाली चिखल आहे, पानं सडलीयत." मी चिखलात उतरून मारायचो. "दोन हात पुढे गेला. फक्त दोन हात." पुन्हा मारायचो. "हा बरा आहे. बरा म्हणजे बरा, चांगला नाही." कधी नव्हे इतका वाईट खेळलो. मागून आलेल्या एका चौकडीला आम्ही पुढे जाऊ दिलं. एकदा, एकदाच, हाताला काहीही न जाणवता फटका बसला आणि ती काही बोलेना.  मग ती हळूच म्हणाली, "मधोमध. शप्पथ." मी विश्वास ठेवला. आधीच्या सगळ्या 'वा वा' मिळून त्या एका शब्दाची सर नव्हती.

शेवटचा टप्पा तलावाच्या कोपऱ्यावरून जातो. चांगला खेळणारा पाण्यावरून मारतो, शहाणा वळसा घेतो. मी म्हणालो, "पाण्यावरून मारतो. पुन्हा कधी मारणार?" तिने नको म्हटलं नाही. मी शेजारच्या गवताकडे बघितलं, पांढरा ठिपका कडेला धरला आणि मारला.

कुठूनतरी डुबुक असा आवाज आला.

"पाण्यात," वसुधा म्हणाली.

"काठाशी?"

"नाही. पार मधे. एक बगळा होता, तो उडाला. बिचारा घाबरला."

मी हसलो. मनापासून हसलो, कारण बगळा मला दिसला. वसुधाच्या शब्दांत दिसला, आणि तो होताच. दुसरा चेंडू ठेवून वळशाने गेलो, ग्रीनवर पोचलो, वाकून चेंडू भोकातून काढला. अंगठ्याला ठिपका लागला.

डाव संपला की खेळणारे डोक्यावरची टोपी काढून एकमेकांशी हात मिळवतात. हरणारा, जिंकणारा, सगळेच. वसुधा खेळणारी नव्हती, पण मी टोपी काढली आणि तिच्यापुढे हात केला. तिला ही रीत ठाऊक नव्हती, तरी तिने हात दिला. तो ओला लागला. मी तिच्या कानाकडे बघितलं, चेहरा कडेला थोडासा उमटला, पण नीट कळेना.

"वसुधा, रडतेस का?"

तिने हात सोडवून घेतला नाही.

"हो," ती म्हणाली. "इथे कुठेही धूर नाहीये."